तेवढीच दुसरी

दादाचा फोन रविवारी सकाळी आला. "२००४ चा तो फोटो तुझ्याकडे असेल बघ," तो म्हणाला, "आपण सायकल उलटी करून साखळी बसवत होतो, आईने काढला होता." आहे, शोधून पाठवतो, असे मी सहज सांगून टाकले. माझ्या टेबलावर चार टेराबाइटची हार्ड डिस्क आहे, आणि गेल्या वीस वर्षांत मी काढलेले, मला कोणी पाठवलेले आणि कुठून कुठून गोळा केलेले सगळे काही तिच्यात आहे, याबद्दल मला शंका नव्हती. संध्याकाळी शोधायला बसलो. 'जुना डेटा' नावाचा फोल्डर उघडला. त्यात 'जुन्या कॉम्प्युटरचा डेटा' होता, त्याच्या पोटात पुन्हा 'जुना डेटा', आणि त्याच्या आत 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'नंतर बघणे' अशी रांग. तारखेवरून शोध घेतला, तर २००४ सालचे असे काही समोर आलेच नाही. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. बुधवारी दादाने पुन्हा विचारले तेव्हा मी कबूल केले, की फोटो आहे नक्की, पण हाती लागत नाही. त्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "तुझी डिस्क मोठी आहे ना? मग सापडत का नाही?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी आठ टेराबाइटची डिस्क घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. डिस्क भरत आल्याची सूचना कॉम्प्युटर महिनाभर देत होता, जागेची पट्टी निळ्याची तांबडी झाली होती, आणि डिस्क भरली की दुपटी-चौपटीची आणायची हा माझा इतका जुना शिरस्ता होता की त्यावर वेगळा विचार करावा असे कधी वाटलेच नाही. चाळीस गिगाबाइटवरून मी एकशे साठवर गेलो, तिथून पाचशेवर, मग एक टेराबाइट, मग चार. दरवेळी जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे उचलून नव्या डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवून द्यायचे. जणू जुने घर न आवरता, खरकट्या भांड्यांसकट उचलून नव्या घराच्या एका खोलीत लोटून द्यावे आणि दार ओढून घ्यावे. त्यानंतर जागेची पट्टी जवळजवळ सगळी पांढरी दिसे आणि ते बघून मोठे हायसे वाटे. त्या पांढऱ्या पट्टीचा आनंद खरा असतो, हे मी नाकारणार नाही. डिस्कच्या खोक्यावर चार लिहिलेले असते आणि कॉम्प्युटर ३.६३ दाखवतो, कारण बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. कुणी काही काढून घेतलेले नसते. तरीही पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा मला चुटपुट लागली होती. जागेची हाव कशी असते, हे त्या चुटपुटीवरून कळावे.

शुक्रवारी रात्री मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून सीडींचा डबा खाली काढला. कोऱ्या सीडी मधल्या दांडीत ओवलेल्या, पन्नासाच्या डब्यात मिळत, आणि भरलेल्या सीडी पुन्हा त्याच डब्यात ओवून ठेवायच्या अशी आमची पद्धत होती. झाकण फिरवून काढताच जुन्या प्लॅस्टिकचा आणि मार्करच्या शाईचा कोरडा वास आला. एकेक सीडी उचलत गेलो. प्रत्येकीवर काळ्या मार्करने, गोलाच्या कडेने वळत जाणाऱ्या ओळीत काही ना काही लिहिलेले होते. काहींवर दादाचे टोकदार अक्षर, काहींवर माझे. 'पाऊस आणि गच्ची'. 'आजी, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर'. 'नापास फोटो, पण ठेवू'. आणि वरून नववी की दहावी सीडी: 'सायकल, अंगण, जून २००४'. डबा उघडल्यापासून दोन मिनिटेसुद्धा झाली नसतील.

सीडी भरणे हा त्या काळी एका संध्याकाळचा कार्यक्रम असे. कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा, त्यातले कार्ड १२८ मेगाबाइटचे, आणि ते रिकामे केल्याशिवाय पुढचा फोटो काढता येत नसे. कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे. कॉम्प्युटरची डिस्कही कायम भरलेली, म्हणून तिथून ते सीडीवर न्यायचे आणि तिथले पुसून टाकायचे. सीडीत ७०० मेगाबाइट मावत. फाइली निवडू लागलो की खिडकीच्या तळाशी एक पट्टी सरकत जाई आणि ७०० च्या खुणेपाशी एक तांबडी रेघ उभी असे. पट्टी रेघेच्या पुढे गेली की काहीतरी काढावेच लागे. मग दादा आणि मी दोन खुर्च्या ओढून शेजारीशेजारी बसत असू आणि एकेक फोटो मोठा करून बघत असू. "हा हललाय." "यात तुझे डोळे मिटलेत." "हे दोन सारखेच आहेत, एकच ठेव." असा तास-दीड तास जाई. मग यंत्र घरघरू लागे, ट्रे बाहेर येई आणि हातात घेतलेली सीडी कोमट लागे. ती दिव्यासमोर तिरपी धरली, की लेसरने जळलेला आतला पट्टा आणि कोरी राहिलेली कड यांच्यातली सीमा स्पष्ट दिसे. जळलेला भाग किंचित गडद. सीडी किती भरली आहे हे अक्षरशः डोळ्यांनी बघता येत असे. मार्करचे टोपण काढून नाव लिहायचे काम सर्वांत शेवटी.

ठेवायची प्रत्येक गोष्ट तेव्हा एकदा तरी बघितली जात होती.

तो बारा सेंटिमीटरचा गोल १९८२ साली बाजारात आला तेव्हा त्याच्यावर फक्त संगीत असे. पुढे त्याच्यात कितीतरी पटींनी अधिक मावू लागले, पण त्याचा व्यास तोच राहिला. मुख्यतः बदलत गेला तो त्याच्यावर पडणारा प्रकाश. सीडी वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५० आणि तिच्यानंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कची ४०५. लहर आखूड झाली की प्रकाशाचा ठिपका बारीक होतो, आणि ठिपका बारीक झाला की खुणा बारीक आणि ओळी दाट करता येतात. सीडीवर शेजारच्या दोन वळशांत १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते. ब्लू-रेवर ते ०.३२ वर आले. अशा रीतीने ७०० मेगाबाइटचे ४.७ गिगाबाइट झाले, त्याचे २५ झाले, आणि थरावर थर चढवत १०० आणि १२८ गिगाबाइटपर्यंत मजल गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात आपले काम प्रसिद्ध केले: डीव्हीडीच्या आकाराच्या चकतीत शंभर थर आणि त्यांत १.६ पेटाबिट, म्हणजे २०० टेराबाइट. माझ्या डब्यातल्यासारख्या अडीच लाखांहून अधिक सीडी त्या एका चकतीत मावतील. ती बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. माणसाने प्रकाशाकडून इतके बारीक अक्षर गिरवून घ्यावे, याचे कौतुक मला आजही आहे. पण त्या आनंदात मी मनातल्या मनात ती चकती भरायलाही लागलो होतो, आणि काही केल्या ती भरेना. सगळे फोटो टाकले, सगळी गाणी टाकली, पाहिलेले आणि न पाहिलेले सगळे चित्रपट टाकले, तरी कडेचा मोठा भाग कोराच राहिला.

इतकी जागा कुणाला हवी, या प्रश्नाचे एक उत्तर घराघरातल्या ग्राहकाने दिलेही आहे. मोठ्या क्षमतेच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क उपलब्ध असूनही त्यांना सीडीसारखी घरोघरची जागा कधी मिळाली नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनी कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. लोक पेन ड्राइव्हकडे, हार्ड डिस्ककडे आणि दूरच्या सर्व्हरवर भाड्याने मिळणाऱ्या जागेकडे वळले होते. हार्ड डिस्कची वाढ मात्र थांबलेली नाही. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली डिस्क बनवली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात ५० लाख अक्षरे मावत. आज फोनमधला एखादा फोटो तेवढी जागा सहज खातो. २००७ मध्ये हिताचीने एक टेराबाइटची डिस्क आणली. आता तीस टेराबाइटच्या पुढच्या डिस्क आल्या आहेत. त्या मुख्यतः मोठ्या डेटा सेंटरसाठी असतात, पण आजवरचा अनुभव असा, की तिथले आज ना उद्या घरच्या टेबलावर येते.

म्हणून मी कागद घेऊन एक साधा हिशेब मांडला. एक फोटो चार मेगाबाइटचा धरला तर चार टेराबाइटमध्ये दहा लाख फोटो मावतात. प्रत्येक फोटो फक्त पाच सेकंद बघायचा ठरवला, तरी रोज आठ तास बसून ते सगळे बघायला जवळजवळ सहा महिने लागतील. नुसते दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे म्हटले, तर सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या वेगाने नऊ तास. त्याच वेगाने ती शांघायची चकती भरायची असेल तर साडेअठरा दिवस यंत्र अखंड चालू ठेवावे लागेल. जे केवळ उतरवायला इतका वेळ घेते, ते बघायला माणसाने कुठून वेळ आणायचा? चित्रीकरण आणि संपादन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, तासन्तास ध्वनिमुद्रण करून जे लोप पावणाऱ्या बोली जपत आहेत, त्यांना जागा लागते आणि ती त्यांना मिळायला हवी. त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मी माझ्यासारख्यांबद्दल बोलतो आहे, ज्यांची डिस्क एकाच प्रसंगाच्या तीस-तीस फोटोंनी, कुणीतरी पाठवलेल्या आणि कधीच न उघडलेल्या व्हिडिओंनी आणि त्यांच्या चार-चार प्रतींनी भरते.

सीडी तर सापडली होती, पण ती वाचायला घरात यंत्र नव्हते. माझ्या लॅपटॉपला ट्रे नाही. गेल्या दोन्ही लॅपटॉपना नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. शनिवारी एका सहकाऱ्याकडून यूएसबीला जोडायचे जुने यंत्र मागून आणले. तोपर्यंतचा वेळ मी ती सीडी हातात घेऊन बसलो होतो आणि ब्रिटनमधल्या एका प्रकल्पाची मला सारखी आठवण होत होती. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडमधल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये तसाच नवा संग्रह तयार केला. सुमारे दहा लाख लोकांनी त्यात आपापल्या गावाची माहिती आणि चित्रे दिली, आणि ते सगळे दोन लेसर डिस्कवर साठवले गेले. पंधरा-वीस वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तो संग्रह सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. कातड्यावर हाताने लिहिलेली मूळ नोंदवही तेव्हाही वाचता येत होती. त्या डिस्कमध्ये जागा कमी पडली, अशी कुणाची तक्रार नव्हती.

यंत्राने सीडी आत घेतली, वेग घेतला, थबकले, पुन्हा वेग घेतला. फाइलींची यादी दिसायला मिनिटभर लागले. बारीकसारीक ओरखडे यंत्र स्वतःच भरून काढते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या रीतीच्या आधारे सीडीवरची माहिती अशी विखरून लिहिलेली असते, की अडीच मिलिमीटरचा ओरखडा गेला तरी हरवलेले आकडे उरलेल्यांवरून काढता येतात. पण त्यालाही मर्यादा आहे. मी हवा तो फोटो उघडला आणि तो वरून खाली हळूहळू उमटू लागला: अंगणाची भिंत, वाळत घातलेली चादर, दादाचे खाली वाकलेले डोके, माझे डोके, दोघांचे खांदे, आणि तिथून खाली सपाट करडा रंग. सायकल नव्हती. आमचे हात नव्हते. आम्ही दोघे त्या करड्या पट्टीत काहीतरी शोधत असल्यासारखे दिसत होतो.

मात्र फाइलीचे नाव मला कळले: डीएससीएन ०४१७. ते नाव मी मोठ्या डिस्कच्या शोधखिडकीत टाकले आणि बघता बघता चार ठिकाणी चार फाइली आल्या, चारही संपूर्ण, उलट्या सायकलीसकट आणि तेलाने काळ्या झालेल्या बोटांसकट. त्यातली एक 'नंतर बघणे' मध्ये होती. सोमवारी मी तो फोल्डर वरपासून खालपर्यंत सरकवला होता, पण त्यात अकरा हजार चित्रे होती आणि डोळे पहिल्या हजारातच थकले होते. कॅमेऱ्याचे घड्याळ आम्ही कधी लावलेच नव्हते, त्यामुळे फाइलीच्या पोटात तारीख पडली होती १ जानेवारी २००२. कोणता फोटो हे लहान डिस्कला ठाऊक होते, आणि फोटो जपला होता मोठ्या डिस्कने. दादाला उत्तर देता येईल, असे मला वाटले. मी फोटो पाठवला.

पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "हा नव्हे रे. दुसरा. त्यात आपण दोघं कॅमेऱ्याकडे बघतोय, तुझ्या नाकाला तेल लागलंय."

मला ती संध्याकाळ एकदम आठवली. आईने पाच फोटो काढले होते, पट्टी तांबड्या रेघेच्या पुढे गेली होती, आणि "पाचही सारखेच आहेत, एकच ठेवू" असे आमच्यातले कुणीतरी म्हणाले होते. ते मीच म्हणालो असेन, अशी मला आता भीती वाटते. इतका वेळ मी मनाशी निवडीची महती गात होतो, आणि इथे निवडच चुकलेली होती. एक मेगाबाइटची जागा अधिक असती, तर तो फोटो आज असता. त्या दिवसांत जागा खरोखरच कमी होती, आणि आणखी मोठी डिस्क हवी असे वाटणे ही खरी, प्रामाणिक गरज होती, हे मला मान्य करावे लागते. वीस वर्षांनी एखाद्याला काय हवेसे वाटेल हे त्या दिवशी खुर्चीत बसून कुणालाच सांगता येत नाही, आणि सगळेच ठेवणाऱ्याची बाजू इतकी साधी आणि इतकी भक्कम आहे. मी हे दादाला सांगितले, तर तो म्हणाला, "अरे, पण ते आपण टाकून नव्हते दिले. न मावलेले एका वेगळ्या सीडीवर घातले होते ना?"

'नापास फोटो, पण ठेवू'. डबा अजून टेबलावरच होता. मी ती सीडी काढून यंत्रात घातली. यंत्राने दोन-तीनदा वेग घेतला, एकदा बारीक टकटक केली आणि थांबले. पडद्यावर सूचना आली, डिस्क टाका. सीडी आतच होती. पुन्हा पुसून घातली, पुन्हा तीच सूचना. शेवटी ती बाहेर काढून दिव्यासमोर उभी धरली, तर चंदेरी थरातून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार आले, दाट आणि खूप. सीडीच्या चकाकत्या बाजूला जाड प्लॅस्टिकचे संरक्षण असते. माहितीचा थर असतो नावाच्या बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली. आम्ही मात्र चकाकती बाजू जपायची म्हणून सीडी कायम नावाच्या बाजूवर पालथ्या ठेवत आलो, आणि 'नापास' म्हणून ती सीडी तर किती दिवस पाकिटाशिवाय खणात पडून होती. पुढे इतर सीडी मी हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या तेव्हा हिला वगळले होते. तोवर माझ्याकडे पाचशे गिगाबाइटची डिस्क आली होती आणि ती अर्धी मोकळी होती. आता जागेचा प्रश्न उरलेलाच नव्हता. त्या फोटोची जगात एकच प्रत होती, आणि ती मी तशीच राहू दिली.

त्या रात्री मी आठ टेराबाइटचा विचार सोडून दिला. आठ टेराबाइटची एक डिस्क पडली, तर आठही टेराबाइट एकदम जातात. डिस्क जेवढी मोठी तेवढे एका धक्क्यात जाणारे अधिक, ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. मी चार टेराबाइटचीच आणखी एक घेतली. त्याआधी महिनाभर रात्री जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास बसून एकसारख्या प्रती शोधून काढल्या. तिसरा हिस्सा तेवढ्यानेच मोकळा झाला. हललेले फोटो, मिटलेल्या डोळ्यांचे फोटो मात्र मी काढले नाहीत. ते काढायचा हात आता होत नाही. फोल्डरांना नावे दिली, आजीची, गच्चीची, पावसाची, आणि डीएससीएन ०४१७ ची खरी तारीख दुरुस्त केली. मग एका रात्री सगळे नव्या डिस्कवर उतरवायला लावले. सकाळी उठलो तेव्हा यंत्र शांत झाले होते आणि डिस्क अंगाला त्या जुन्या सीडीसारखी कोमट लागत होती.

रविवारी ती दादाकडे नेऊन दिली. दोन्ही एकाच घरात ठेवून उपयोग नाही, हे मी त्याला समजावून सांगितले, आणि वर्षातून एकदा मी येऊन तिच्यात भर घालीन, असेही ठरले. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. फोटोंचे मी काही बोललो नाही, त्यानेही काढले नाही. मग त्याने खणातून काळा मार्कर काढला, टोपण दातात धरले आणि विचारले, "काय लिहू?" मी सांगायला गेलो, पण चार टेराबाइटचे एका ओळीत मावेल असे नाव मला सुचेना. तो थोडा वेळ थांबला. मग त्याच्या त्या टोकदार अक्षरात त्याने 'जून २००४ पासून' एवढेच लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत डिस्क नाव वर करून खिडकीत ठेवली.